निरंक

जुव्याची होडी अजून तशीच,
धक्क्याला न लागता पाय ओले करायला लावणारी.
वर सड्यावर आलं की डाव्या हाताला कोंडवाडा.
छप्पर त्याला कधी नव्हतंच.
चार गडगे आणि एक बेडं.
बेड्याचे वासे गेले, खोबणी राहिल्या,
त्यांत मुंग्यांनी माती भरलीय.

चिरे बिनचुन्याचे, एकावर एक.
जांभा खाणीत मऊ असतो,
वारा लागला की कडक होतो.
हे आपा आईबद्दलही सांगायचे,
ती ऐकत असताना.

आपा कोंडवाड्याचे कारकून.
निळ्या पुठ्ठ्याची वही, उभ्या रेघा मारलेली:
तारीख, जनावर, शिंगं, कुणाचं काय खाल्लं,
दंड, वैरण, दूध.

तांबडी गाय, डावं शिंग मोडकं,
इसाक सोलकरांचे वाल.
खोंड, कपाळावर चांद, मालक कुणीच नाही.
(तिसऱ्या दिवशी मालक आला, हसत.)
बैल, गळ्यात लोढणं, तरीही.

येसू आगऱ्यांची म्हैस आश्विनात आली,
गोरिवल्यांच्या भातात सापडलेली,
दाणा अजून दुधात होता.
तिच्यामागून रेडकू आलं, सहा दिवसांचं.
ते आत घ्यावं तर नियमानं दोन डोकी, दोन दंड,
आणि येसूच्या कनवटीला एकाचाही नाही.
"उद्या भरतंय," ती म्हणाली.
असे दोन उद्या गेले.

रेडकू बाहेर, म्हैस आत.
सड्यावर आवाज अडवायला झाड नसतं.
ते हंबरणं खाडीवरून पलीकडच्या मशिदीपर्यंत जायचं
आणि भरतीबरोबर परत यायचं.
मी सात वर्षांची, घोंगडीत, कानांत बोटं घालून.
आई म्हणाली, नियम कुणी केला?
आपा काही बोलले नाहीत.
मग उठले. कंदील घेतला नाही.

आधी पहार, मग नुसते हात.
एक चिरा काढला, थांबले,
गडगा काय म्हणतो ते ऐकलं असावं.
मग दुसरा.
म्हैस आपण होऊन सरकली,
कूस दगडाला लावून उभी राहिली.
रेडकानं भोकातून मान घातली.
त्यानंतर चुरूचुरू चोखणं तेवढं,
आणि मधूनच आपा कुणाला तरी,
बहुधा दगडालाच, म्हणत होते: हळू.

कोंडलेल्या जनावराचं दूध काढावं, विकावं,
पैसे जमा करावेत असा कायदा.
सकाळी आपांनी टाक बुडवला,
दुधाच्या रकान्यात लिहिलं: निरंक.
पुढे अठरा वर्षं त्या रकान्यात
दुसरा शब्द नाही.
अक्षर मात्र दरवर्षी थोडं मोठं होत गेलेलं.

आता जुव्यावर गुरं नाहीत.
शेवटची जोडी ओहोटीला पोहत नेली,
दावी होडीतल्या माणसांच्या हातात,
पाण्यावर नुसती शिंगं.

काल पलीकडून एक जण आला, टेप घेऊन.
कुठल्याशा रिसॉर्टला जुना चिरा हवाय,
शेवाळ धरलेला असेल तर भाव जास्त.
पंचायतीनं मला बरोबर पाठवलं,
वही माझ्याकडे म्हणून.
त्यानं लांबी घेतली, उंची घेतली,
टेपचं एक टोक मला धरायला दिलं.
उत्तरेच्या गडग्याशी अडखळला.
"इथले दोन वजा करावे लागतील, बाई."

मी म्हटलं, करा.

तो आकडेमोड करत उभा होता
तेवढ्यात मी भोकात हात घातला, कोपरापर्यंत.
जांभा सहसा गुळगुळीत होत नाही.
कितीही वर्षं हात फिरवा, तळवा खरवडतोच.
इथे खालची कड
ताकाच्या माठाच्या काठासारखी झालीय.

पलीकडे, आतल्या बाजूला, ऊन होतं.
बोटांना लागलं.